परक्यांचे ग्रंथ, आपले घर : बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराची वाटचाल

१९२६ साली बडोद्याहून एका संस्कृत ग्रंथाचे दोन खंड प्रसिद्ध झाले. ‘गायकवाड्‌स ओरिएंटल सिरीज’मधले त्यांचे क्रमांक ३० आणि ३१. ग्रंथाचे नाव ‘तत्त्वसंग्रह’, कर्ते आचार्य शांतरक्षित, आणि त्यावरची ‘पंजिका’ ही टीका त्यांचेच शिष्य कमलशील यांची. मूळ कारिका साडेतीन हजारांच्या वर. ग्रंथ आठव्या शतकातला, म्हणजे छापखान्याचे तोंड पाहायला त्याला साडेअकराशे वर्षे लागली. तोवर जगातल्या बहुतेक अभ्यासकांना तो तिबेटी भाषांतरातूनच ठाऊक होता. मूळ संस्कृत ग्रंथ कोणालाही विकत घेऊन वाचता येईल अशा रूपात पहिल्यांदा मिळाला तो बडोद्यामुळे.

प्राच्यविद्या मंदिराची वाटचाल सांगताना स्थापनेची तारीख आणि संस्थापकांची नावे यांपासून सुरुवात करण्याची रीत आहे. मला मात्र या दोन खंडांपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण या संस्थेने शंभर वर्षे नेमके काय केले ते या एका ग्रंथाच्या प्रवासात सगळे दिसते.

शांतरक्षित हे नालंदेचे आचार्य. परंपरा त्यांचा जन्म पूर्व भारतातल्या जहोरच्या राजकुळात झाल्याचे सांगते. नालंदा म्हणजे त्या काळचे आशियातले सर्वांत मोठे विद्यापीठ, आणि तिथला आचार्य म्हणजे रोज उठून प्रतिपक्षाशी वाद घालणारा माणूस. तिबेटचा राजा ठिसोङ् देचेन याला आपल्या राज्यात बौद्ध धर्म रुजवायचा होता. त्याच्या दूताची आणि शांतरक्षितांची भेट नेपाळात झाली आणि आचार्य ल्हासाला गेले. पहिली फेरी फसली. त्याच सुमारास पूर आला, वीज पडली, साथ पसरली आणि जुन्या धर्माच्या सरदारांनी खापर या परदेशी भिक्षूवर फोडले. आचार्यांना नेपाळात परतावे लागले. पण त्यांनी नाद सोडला नाही. राजाला त्यांनी सुचवले की तांत्रिक सिद्ध पद्मसंभवाला बोलवा, आणि नंतर स्वतःही पुन्हा गेले. ल्हासाच्या आग्नेयेला, ब्रह्मपुत्रेच्या काठी, मगधातल्या ओदंतपुरी विहाराच्या धर्तीवर साम्ये विहार उभा राहिला. तिबेटमधला तो पहिला विहार आणि शांतरक्षित त्याचे पहिले मठाधिपती. सात तिबेटी तरुणांना त्यांनी भिक्षुदीक्षा दिली. या मातीतली माणसे विनयाचे नियम पाळू शकतील की नाही, याची ती पारख होती. ‘पारखलेले सात’ म्हणून तिबेटच्या इतिहासात त्यांचे नाव आजही घेतले जाते.

नालंदेतल्या एका अध्यापकाचा परदेशातला हा अधिकार साधा नव्हता. राजाचा गुरू, संघाचा प्रमुख आणि भाषांतरांच्या प्रचंड कामाचा आरंभकर्ता या तिन्ही भूमिका त्यांच्याकडे आल्या. घोड्याची लाथ लागून त्यांचा अंत झाला असे तिबेटी ग्रंथ सांगतात. जाण्याआधी त्यांनी बजावून ठेवले होते की पुढे मतभेद होतील, तेव्हा माझा शिष्य कमलशील याला भारतातून बोलावून घ्या. तसेच घडले. ७९० नंतरच्या काही वर्षांत साम्येला राजासमोर मोठा वाद झाला. एका बाजूला चिनी आचार्य ह्वशाङ् महायान, दुसऱ्या बाजूला कमलशील. बोध एका क्षणात होतो की पायरीपायरीने, हा मुद्दा होता. तिबेटी परंपरेप्रमाणे कमलशील जिंकले. तिबेटी बौद्ध विद्येला भारतीय वळण लागले ते तिथून.

आता ‘तत्त्वसंग्रहा’कडे. या ग्रंथात सव्वीस ‘परीक्षा’ आहेत. प्रकृतीची परीक्षा, ईश्वराची परीक्षा, आत्म्याची परीक्षा, वेदप्रामाण्याची परीक्षा. एकेका दर्शनाचा सिद्धांत समोर ठेवायचा, त्याच्या पुरस्कर्त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे. सांख्य, नैयायिक, मीमांसक, औपनिषद, जैन असे कोणीच सुटलेले नाही. वात्सीपुत्रीय म्हणजे स्वतःच्याच बौद्ध भावंडांनाही आचार्यांनी सोडले नाही. मीमांसक कुमारिल भट्टाच्या कारिकाच्या कारिका यात उतरल्या आहेत. कमलशीलांनी तर पंजिकेत प्रतिपक्षीयांची नावे घेऊन मते सांगितली. भाविविक्त, अविद्धकर्ण, शंकरस्वामी यांच्यासारख्या ज्यांचे ग्रंथ काळाच्या पोटात गेले, अशा कित्येकांचे विचार आज कळतात ते त्यांच्या या विरोधकाच्या पुस्तकातून. प्रतिपक्षाचे म्हणणे इतक्या सचोटीने नोंदवणारा ग्रंथ मला दुसरा ठाऊक नाही.

आणि हा ग्रंथ जपला कोणी? नालंदा उद्ध्वस्त झाली, विक्रमशीला गेली, भारतात बौद्ध संघ उरला नाही. ‘तत्त्वसंग्रहा’च्या संस्कृत पोथ्या राहिल्या त्या पश्चिम भारतातल्या जैन ज्ञानभांडारांत, जैसलमेर आणि पाटण इथे. या ग्रंथात ‘स्याद्वादपरीक्षा’ नावाचे एक सबंध प्रकरण आहे. जैनांचा जो मूळ सिद्धांत, त्याचेच खंडन त्यात केले आहे. दिगंबर आचार्य सुमतींची मते खोडली आहेत. तरीही जैन मुनींनी या ग्रंथाच्या नकला करवल्या, त्या ताडपत्रांना लाकडी पाट्या बांधल्या, कापडात गुंडाळल्या आणि तळघरांतून शतकानुशतके सांभाळल्या. वाद करायचा तर समोरच्याचे पुस्तक घरात हवे, ही त्यांची शिस्त होती. त्या शिस्तीने एक अख्खे बौद्ध दर्शन वाचवले.

युरोपात असेच काम बेनेडिक्टाइन पंथाच्या मठांनी केले. इटलीतल्या मोंते कासिनो मठाचे देसिदेरियस हे १०५८ साली मठाधिपती झाले, दुसऱ्याच वर्षी रोमच्या चर्चने त्यांना कार्डिनल केले आणि शेवटी १०८६ मध्ये व्हिक्टर तिसरा या नावाने ते पोपही झाले. इतक्या मोठ्या पदांना पोचलेल्या या माणसाची खरी आठवण राहिली ती मठाच्या लेखनशाळेमुळे. त्यांनी कोणकोणते ग्रंथ उतरवून घेतले याची यादीच मठाच्या बखरकाराने दिली आहे. त्या यादीत धर्मग्रंथांबरोबर सिसेरो, ओव्हिड, होरेस आणि टेरेन्स आहेत. हे सगळे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या रोमचे, परक्या देवांची नावे घेणारे लेखक. टॅसिटसच्या इतिहासाचा मोठा भाग आज वाचता येतो तो त्याच शतकात त्याच मठात लिहिलेल्या एका प्रतीमुळे. फेब्रुवारी १९४४ मध्ये बाँबफेकीत मठाची इमारत जमीनदोस्त झाली, पण हस्तलिखिते त्याआधीच रोमला हलवलेली होती. मठ पुन्हा बांधता आला. पोथ्या जळाल्या असत्या तर त्या कुठून आणल्या असत्या?

आपल्याकडचा प्रश्न जपण्याचा नव्हता, उघडण्याचा होता. भांडारे होती, पण कुलुपात. चाव्या जैन संघाच्या पंचांकडे. आक्रमणांच्या आणि चोरीच्या भीतीतून आलेली ही सावधगिरी समजण्याजोगी होती. १८७३-७४ च्या हिवाळ्यात गेओर्ग ब्यूलर हे जर्मन पंडित तरुण हर्मान याकोबींना बरोबर घेऊन वाळवंटातून जैसलमेरला गेले, तेव्हा पार्श्वनाथ मंदिराच्या भांडारात ‘तत्त्वसंग्रहा’ची पोथी त्यांच्या दृष्टीस पडली. पण नजरेस पडणे आणि छापून निघणे यांत अर्धशतक गेले. ते अंतर तुटले बडोद्यात.

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले, १८८१ मध्ये राज्यकारभार हाती आला. गुजरातची जुनी राजधानी पाटण ही बडोदे संस्थानात येत होती, हा योग मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराजांनी मणिलाल नभुभाई द्विवेदी या गुजराती विद्वानांना पाटणची भांडारे तपासायला धाडले. ग्रंथांविषयीची ही ओढ पुस्तकी नव्हती. गोव्याच्या साखवाळहून निघून सिंहलद्वीपात भिक्षू झालेले धर्मानंद कोसंबी पालीचे ज्ञान घेऊन परतले, तेव्हा महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट दोनच गोष्टींची : महाराष्ट्रात कुठेही राहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहा. कोसंबींनी बडोद्यात दिलेली व्याख्याने पुढे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने पुस्तकरूपात आली. मराठीत बुद्धविचाराची जी नवी पहाट झाली, तिच्यामागे या पन्नास रुपयांचा वाटा आहे.

१९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना आणवले. गावोगाव वाचनालये, फिरत्या ग्रंथपेट्या आणि बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय, असे जाळे उभे राहिले. राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह महाराजांनी लोकांसाठी खुला केला. मध्यवर्ती ग्रंथालयाचा संस्कृत विभाग हेच प्राच्यविद्या मंदिराचे बीज. पंडित आर. अनंतकृष्ण शास्त्री पोथ्यांच्या शोधात देशभर हिंडले. कुणाच्या घरी उपाध्येपण संपलेले, कुणाच्या घरी संस्कृत वाचणारा शेवटचा माणूस गेलेला, कुणी नदीत सोडायला निघालेले. अशा हजारो पोथ्या बडोद्याला पोचल्या.

दुसरे नाव चिमणलाल डाह्याभाई दलाल यांचे. संस्कृत विभागाचे हे ग्रंथपाल १९१४ मध्ये काही महिने पाटणला जाऊन राहिले आणि त्यांनी एकेक भांडार पाहिले. संघवी पाड्याचे, वाडी पार्श्वनाथाचे, इतरही. पुढे ते जैसलमेरलाही गेले. दलालांचे काम म्हणजे काय होते ते जरा जवळून पाहिले पाहिजे. ताडपत्राची पोथी रुंदीला तीन-चार बोटे, पण लांबीला हातभर किंवा त्याहून जास्त. मधोमध दोरी ओवायचे भोक. पाने उलटताना कड मोडते, म्हणून श्वास रोखून काम करायचे. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. अक्षर जैन वळणाचे. त्यात एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधीच्या बाजूला उभ्या रेघेने देतात. तिला पडीमात्रा म्हणतात. नवखा वाचक ती रेघ मागच्या अक्षराचा काना समजतो. ‘स देवः’ लिहिलेले असते आणि तो वाचतो ‘सा दवः’. ‘च्छ’ आणि ‘त्थ’ तर जवळजवळ सारखेच दिसतात. एका ओळीत अशा तीन-चार जागा, एका पानात चाळीस, आणि पोथीत शेकडो पाने. अर्थ लागत नाही तिथे दुसरी प्रत शोधायची. ‘तत्त्वसंग्रहा’सारख्या ग्रंथात एक अक्षर चुकले की पूर्वपक्ष उत्तरपक्षाच्या तोंडी जातो.

या तपासणीतून मालिकेची कल्पना निघाली. १९१६ मध्ये ‘गायकवाड्‌स ओरिएंटल सिरीज’चे पहिले पुष्प निघाले, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. संपादक दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री. राजशेखर कनौजच्या दरबारी होता खरा, पण त्याचा पणजोबा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवला जाई. कवी कसा घडतो, त्याने दिवसाचे प्रहर कसे वाटून घ्यावेत, दुसऱ्याची कल्पना उचलली तर ती चोरी कधी आणि संस्कार कधी, हे सगळे सांगणारे असे पुस्तक संस्कृतात दुसरे नाही. ते आधी कोणी छापलेच नव्हते. दलाल १९१८ मध्ये गेले, पण त्यांनी सिद्ध केलेले किंवा हाती घेतलेले ग्रंथ पुढची कित्येक वर्षे निघत राहिले. जैसलमेरच्या सूचीचे राहिलेले काम पंडित लालचंद्र भगवानदास गांधी यांनी पुरे करून १९२३ मध्ये छापले, पाटणच्या ताडपत्रांची सूची १९३७ मध्ये. सूची करणाऱ्यांची नावे वाचकांच्या तोंडी राहत नाहीत. संशोधनाचा सगळा वाडा मात्र त्यांच्याच पायावर उभा असतो, आणि म्हणून दलालांचे नाव मी इथे मुद्दाम पुन्हा घेतो.

मालिकेच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्राच्या इतिहासाला किती मिळाले, याची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली गेलेली नाही. पाचवा ग्रंथ ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’. रुद्रकवीने १५९६ मध्ये लिहिलेला बागलाणच्या बागुल राजांचा वृत्तांत, म्हणजे आजच्या मुल्हेर-साल्हेरचा मुलूख. अकरावा ग्रंथ ‘उदयसुंदरीकथा’. तिचा कर्ता सोड्ढल हा लाट देशचा कायस्थ, आणि त्याला आश्रय ठाण्याच्या शिलाहार राजांचा. मंगेश रामकृष्ण तेलंगांनी संपादलेले ‘महाविद्याविडंबन’ हे देवगिरीच्या यादव दरबाराशी जोडलेल्या वादींद्राचे. आणि श्रीगोंदेकरांनी संपादलेला ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेला हा ज्ञानकोश. राजाने हत्ती कसा पारखावा इथपासून मांडे, वडे, पुऱ्या, इडरिका कशा कराव्यात इथपर्यंत त्यात सारे आहे. गाण्याच्या प्रकरणात जुन्या मराठीतली पदे आहेत, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी म्हणतात अशी नोंदही आहे. ज्ञानेश्वरांच्या दीडशे वर्षे आधीची ही साक्ष. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा कोणीही या नोंदीला वळसा घालून जाऊ शकत नाही. ती छापून मिळाली बडोद्यातून.

याच मालिकेत १९२१ मध्ये सतराव्या क्रमांकावर एक लहानसे पुस्तक निघाले, ‘कवींद्राचार्यसूचिपत्र’. अनंतकृष्ण शास्त्रींना काशीच्या एका मठात ही यादी सापडली. मराठी वाचकाने हे पुस्तक हातात घ्यावे असे मला फार वाटते, कारण कवींद्राचार्य सरस्वती हे गोदाकाठचे ऋग्वेदी ब्राह्मण. लहानपणीच संन्यास घेऊन काशीला गेले आणि तिथल्या पंडितसभेचे अग्रणी झाले. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवर बादशाही कर होता. कवींद्राचार्य आग्र्याला शाहजहानपुढे उभे राहिले, रदबदली केली आणि तो कर उठवून घेतला. बादशहाने त्यांना ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी आणि वर्षासन दिले. देशभरच्या पंडितांनी त्यांचे जे अभिनंदन केले, त्याचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रहच तयार झाला. औरंगजेबाने वर्षासन बंद केले, तेव्हा दानिशमंदखान या सरदाराने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. त्याच सरदाराच्या पदरी फ्रेंच प्रवासी बर्निये होता. बर्नियेने आपल्या प्रवासवर्णनात ज्या थोर पंडिताविषयी लिहिले ते कवींद्राचार्यच, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी दाखवून दिले.

एक सर्वसंगपरित्यागी मठवासी, आणि बादशहाच्या दरबारात त्याच्या शब्दाला एवढे वजन. पण वर्षासन गेले. राहिली ती त्यांची ग्रंथसंपदा. यादीत दोन हजारांवर पोथ्यांची नावे आहेत. त्यांत वेद आणि वेदांत तर आहेतच, पण वैद्यक आहे, ज्योतिष आहे, संगीत आहे, आणि नास्तिक म्हटल्या जाणाऱ्या दर्शनांचे ग्रंथही आहेत. त्यांच्या पोथीच्या पहिल्या पानावर ‘सर्वविद्यानिधान कवींद्राचार्य सरस्वतींचे पुस्तक’ अशा अर्थाची ठसठशीत ओळ असे. संग्रह पुढे फुटला, पोथ्या बिकानेर आणि इतर ठिकाणी पांगल्या. आज देशातल्या एखाद्या भांडारात त्या ओळीची पोथी निघाली की अभ्यासक बडोद्याची यादी उघडून ताडून पाहतात.

१९२७ मध्ये संस्कृत विभाग मध्यवर्ती ग्रंथालयातून वेगळा झाला आणि ओरिएंटल इन्स्टिट्यूट, म्हणजेच प्राच्यविद्या मंदिर, स्वतंत्रपणे उभे राहिले. धुरा विनयतोष भट्टाचार्य यांच्याकडे. हे महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्रींचे चिरंजीव, म्हणजे नेपाळातून जुन्या बंगालीतली चर्यापदे शोधून काढणाऱ्या घरातले. त्यांनी स्वतः ‘साधनमाला’ दोन भागांत संपादली. त्यात बौद्ध देवदेवतांच्या तीनशेवर साधना आहेत, आणि अजिंठ्या-वेरूळपासून नेपाळपर्यंतच्या मूर्ती ओळखण्याची किल्लीच त्यांनी अभ्यासकांच्या हाती दिली. विक्रमशीलेचे आचार्य अभयाकरगुप्त यांची ‘निष्पन्नयोगावली’ ही त्यांनीच १९४९ मध्ये काढली. म्हणजे नालंदा आणि विक्रमशीला या दोन्ही महाविहारांच्या आचार्यांचे ग्रंथ बडोद्यातून निघाले. अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचे ‘नाट्यशास्त्र’ चार खंडांत रामकृष्ण कवींनी संपादले. त्याला १९२६ ते १९६४ इतकी वर्षे लागली. १९३३ च्या डिसेंबरात अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे सातवे अधिवेशन बडोद्यात भरले, काशीप्रसाद जायस्वाल अध्यक्ष होते.

‘तत्त्वसंग्रहा’ची कथा इथे पुरी होते. त्याचे संस्कृत संपादन केले एंबार कृष्णमाचार्य या दाक्षिणात्य पंडितांनी. ते वडतालच्या, म्हणजे स्वामीनारायण संप्रदायाच्या एका मुख्य पीठाच्या गावच्या, संस्कृत पाठशाळेचे अध्यक्ष होते. ईश्वराचे अस्तित्व नाकारणारी ‘ईश्वरपरीक्षा’ त्यांनी अक्षर न अक्षर शुद्ध करून छापली. इंग्रजी भाषांतर केले प्रयागच्या गंगानाथ झांनी. ते १९३७ आणि १९३९ मध्ये बडोद्यातूनच निघाले. झा हे मैथिल ब्राह्मण आणि मीमांसेचे गाढे अभ्यासक. शांतरक्षित ज्या कुमारिलाशी सर्वांत जास्त भांडतात, त्याचे ‘श्लोकवार्त्तिक’ इंग्रजीत आणणारेही तेच. बौद्ध ग्रंथ, जैन पोथ्या, वैष्णव गावच्या पाठशाळेतला संपादक, बंगाली मालिकासंपादक, मैथिल भाषांतरकार, आणि खर्च मराठा राजाचा, तोही गुजरातच्या नगरीत. आपल्या मताविरुद्धचा ग्रंथ शुद्ध स्वरूपात लोकांपुढे ठेवणे यापरते विद्येचे शील कोणते, मला ठाऊक नाही.

सयाजीराव १९३९ मध्ये गेले. एप्रिल १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, पाठोपाठ मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि प्राच्यविद्या मंदिर विद्यापीठाचा भाग झाले. राजाश्रय संपल्यावर अशा संस्था कोमेजतात असा अनुभव आहे. इथे उलटे घडले. १९५१ मध्ये संस्थेने वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम अंगावर घेतले. पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताचे काम चालू होतेच. बडोद्याने रामायण घेतले.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे देशभरच्या, निरनिराळ्या लिपींतल्या पोथ्या जमवायच्या आणि एकेक श्लोक घेऊन प्रत्येक पोथीत तो कसा आहे हे तक्त्यात मांडायचे. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथलिपी, मल्याळम, सगळ्या लिपी वाचणारी माणसे एका छताखाली लागतात. अकराव्या शतकातली नेपाळची ताडपत्र-प्रत त्यांच्या हाती होती. उत्तरेचा पाठ काय म्हणतो, दक्षिणेचा काय, आणि दोन्हींच्या मुळाशी काय असावे, हे ठरवायचे. गाळलेले श्लोकही फेकायचे नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत द्यायचे, म्हणजे वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता येतो. प्रचलित चोवीस हजार श्लोकांतून चिकित्सक पाठ एकोणीस हजारांच्या आत आला. आपल्या तोंडी असलेली लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या पाठात नाही, हे आता निःशंकपणे सांगता येते.

गोविंदलाल हरगोविंद भट्ट यांनी बालकांड १९६० मध्ये काढले आणि कामाची घडी बसवली. त्यांच्यानंतर उमाकांत प्रेमानंद शाह यांनी ते तडीस नेले. १९७५ मध्ये उत्तरकांड त्यांच्याच संपादनाने निघाले. अयोध्या आणि युद्ध ही दोन सर्वांत मोठी कांडे मात्र आपल्या परशुराम लक्ष्मण वैद्यांनी केली. अनुक्रमे १९६२ आणि १९७१. महाभारताच्या कामातही वैद्यांचा मोठा हात होता. दोन्ही महाकाव्यांच्या चिकित्सक आवृत्त्यांवर ज्यांची मोहर आहे अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतला एक मराठी. प्रिन्स्टनहून निघालेले रामायणाचे इंग्रजी भाषांतर बडोद्याच्या पाठावरूनच झाले. पुढे ‘विष्णुपुराणा’ची चिकित्सक आवृत्तीही संस्थेने काढली.

आज संस्थेकडे सुमारे तीस हजार पोथ्या आहेत. संस्थेचे नियतकालिक १९५१ पासूनचे. पण अनेक लिपी वाचणारे पंडित आता हवे तितके मिळत नाहीत, आणि ही अडचण देशातल्या प्रत्येक हस्तलिखित-संग्रहाची आहे. पोथ्यांची छायाचित्रे घेता येतात, ती साठवताही येतात. पडीमात्रा वाचणारा माणूस घडवायला मात्र दहा वर्षे जातात, आणि ती दहा वर्षे त्याच्या पोटापाण्याची सोय कोणी तरी करावी लागते. कोसंबींना मिळालेले पन्नास रुपये हे त्याचेच उदाहरण.

बडोद्यात, पुण्यात, नाशिक-पैठण-वाईत, इंदूर-ग्वाल्हेरला अनेक जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर अजून पोथ्यांची गाठोडी आहेत. घर पाडताना, वाटण्या होताना ती रद्दीत जातात किंवा नदीत सोडली जातात. तुमच्या घरी असे गाठोडे असेल तर ते सोडू नका. पोथी कोणत्या पंथाची, आपल्या कुळाचारात बसते की नाही, हे पाहू नका. प्राच्यविद्या मंदिर असो, भांडारकर संस्था असो की जवळचे विद्यापीठ, तिथे कळवा आणि नोंद तरी करून घ्या. घरात कोणी संस्कृत शिकत असेल तर त्याला एक जुनी लिपी शिकायला लावा. बडोद्याला गेलात तर लक्ष्मीविलास पॅलेस पाहालच. त्या वेळातला एक तास प्राच्यविद्या मंदिराला द्या.